राज्य, रंग, रद्दी: रेडिओवरच्या एका लांबलेल्या गमतीविषयी

१९ नोव्हेंबर १९९७ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, डब्ल्यूएफएमयू या रेडिओ केंद्रावर, टॉम शार्पलिंग या निवेदकाने एका संगीत-समीक्षकाची फोनवरून मुलाखत घेतली. समीक्षकाचं नाव रोनाल्ड थॉमस क्लॉन्टल, गाव कॅन्ससमधलं लॉरेन्स. त्याचं 'रॉक, रॉट अँड रूल' नावाचं पुस्तक येऊ घातलं होतं. कल्पना अगदी सोपी: झाडून सगळ्या गायकांची आणि बँडची तीन रकान्यांत वाटणी करायची. काही राज्य करणारे, काही बऱ्यापैकी रंग भरणारे आणि उरलेले कुजके. मित्रामित्रांमधले संगीतावरचे वाद हे पुस्तक एकदाचे मिटवून टाकील, असा लेखकाचा दावा होता. त्याने डेव्हिड बोवीला कुजक्यांच्या रकान्यात टाकलं होतं. कारण विचारलं, तर म्हणे हा माणूस फार वेळा बदलला. 'स्का' हा संगीतप्रकार कुणी शोधून काढला, तर 'मॅडनेस' या इंग्लिश बँडने. हे सगळं तो शांतपणे, जराही आवाज न चढवता सांगत होता.

थोड्याच वेळात श्रोत्यांचे फोन येऊ लागले, आणि ते चिडलेले होते. याला कुणी पुस्तक लिहायला दिलं, याने संगीत ऐकलंय तरी का, असा एकूण सूर. क्लॉन्टल कुणाचंच बोलणं फारसं मनावर घेत नव्हता. शार्पलिंग मधे बसून दोन्ही बाजूंना न्याय देण्याचा प्रामाणिक प्रयत्न करत होता.

असा समीक्षक नव्हताच. पुस्तकही नव्हतं. फोनवर होता जॉन वुर्स्टर, 'सुपरचंक' या बँडचा ड्रमवादक आणि शार्पलिंगचा दोस्त. दोघांनी मिळून हा सारा बनाव आधी बेतला होता. पाऊण तासाहून थोडी अधिक अशी ही मुलाखत पुढे कॅसेट आणि सीडीवर निघाली आणि पर्यायी संगीताच्या वर्तुळात हातोहात फिरली. पुढच्या काळात 'द बेस्ट शो' या नावाने जो कार्यक्रम उभा राहिला, त्याचं बीज या मुलाखतीत आहे. त्या कार्यक्रमाविषयी आणि तो ज्या प्रकारच्या रेडिओत उगवला त्या रेडिओविषयी मला इथे लिहायचं आहे.

आधी त्या 'स्का'विषयी. हा प्रकार जमैकातला. १९५०च्या दशकाच्या शेवटी आणि १९६०च्या सुरुवातीला घडलेला. 'मॅडनेस' हा १९७०च्या दशकातल्या लंडनचा बँड. त्याने आपलं नावसुद्धा प्रिन्स बस्टर या जमैकन गायकाच्या एका गाण्यावरून घेतलं, आणि १९७९ सालची त्याची पहिली रेकॉर्ड याच प्रिन्स बस्टरला वाहिलेली मानवंदना होती. म्हणजे ज्यांनी आपलं ऋण नावातच मिरवलं, त्यांनाच क्लॉन्टल मूळपुरुष ठरवतो. ही चूक कशीही केलेली नाही. संगीत जाणणाऱ्याला जिथे नेमकी कळ लागेल तिथे बोट ठेवून ती केली आहे. स्वतः आकंठ बुडालेल्या माणसालाच असं अज्ञान रचता येतं. केशवकुमारांनी 'झेंडूची फुले'मध्ये कवींची टर उडवली ती कवितेची नस ठाऊक होती म्हणून. इथेही तसंच आहे.

माझं मन मात्र क्लॉन्टलपेक्षा फोन करणाऱ्यांकडे जास्त ओढलं जातं. त्यांना त्याच्या निकालांचा राग येतो, त्याच्या तुटपुंज्या अभ्यासाचाही येतो. पण त्या रागाखाली एक गोष्ट ते धरून चाललेले असतात, ती म्हणजे असा निकाल देण्याचा हक्क कुणालातरी आहे, फक्त तो या माणसाला नाही. बोवीला वरच्या रकान्यात हलवलं असतं, तर यातल्या कितीजणांनी फोन उचलला असता? माझ्या वाचनात विनोदाचा खरा विषय आहे अभिरुचीची ही मालकी. पर्यायी संगीताच्या जगात ती फार तीव्र असते, कारण लोकप्रियतेचं माप त्या जगाने स्वतःच नाकारलेलं असतं. खप मोजायचा नाही, रेडिओवर किती वेळा वाजलं ते मोजायचं नाही. मग चांगलं काय आणि वाईट काय हे ठरवणार कोण? उरतो तो जाणकार. क्लॉन्टल हा त्या जाणकाराचा आरशातला चेहरा आहे. ऐकणाऱ्याला तो ओळखू येतो, म्हणूनच तो चिडतो.

या शीर्षकाचा मराठी अनुवाद कसा करावा, यावर मी बरेच दिवस घालवले. इंग्रजीतली तिन्ही क्रियापदं एकाच अक्षराने सुरू होतात, आणि ती रस्त्यावरच्या बोलीतली आहेत, समीक्षेच्या परिभाषेतली नाहीत. 'उत्तम, मध्यम, कनिष्ठ' म्हटलं की शाळेचं प्रगतिपुस्तक झालं. शेवटी मी 'राज्य, रंग, रद्दी' यावर थांबले. अमक्याचं राज्य आहे, तमक्याचा रंग जमतो, फलाणा रद्दीत. अर्थ तंतोतंत जुळत नाही, पण तीन र आले आणि वर निकाल फेकून मोकळं होण्याची घाईही आली. त्या घाईशिवाय विनोद कळत नाही.

आता केंद्राविषयी. डब्ल्यूएफएमयू १९५८ साली सुरू झालं ते ईस्ट ऑरेंज इथल्या अप्साला कॉलेजचं विद्यार्थी-केंद्र म्हणून. हे कॉलेज स्वीडिश वंशाच्या लुथरन ख्रिस्ती मंडळींनी १८९३ साली स्थापन केलेलं, लहानसं. अमेरिकेत एफएम पट्ट्याचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा खालचा भाग १९४५ पासून शैक्षणिक, बिगर-व्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवलेला आहे. डब्ल्यूएफएमयूची जागा त्यातच, ९१.१ वर. शैक्षणिक परवान्याच्या या छपराखाली १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या तरुणांनी 'फ्रीफॉर्म' नावाची पद्धत आणली. गाण्यांची ठरलेली यादी नाही, वरून आलेला आदेश नाही. माइकसमोर बसलेल्याने आपल्या वेळात हवं ते लावावं, हवं ते बोलावं. एका गाण्यानंतर दुसरं का, याचं उत्तर त्याने फक्त स्वतःला द्यायचं.

१९९५ साली अप्साला कॉलेज आर्थिक अडचणींमुळे बंद पडलं. केंद्र मात्र बंद पडलं नाही, कारण त्याआधीच केंद्राच्या लोकांनी ना-नफा संस्था काढून परवाना कॉलेजकडून आपल्याकडे घेतला होता. १९९८ मध्ये बिऱ्हाड जर्सी सिटीला हललं. जाहिराती नाहीत, प्रायोजक नाहीत. बहुतेक निवेदक बिनपगारी. दरवर्षी काही दिवस 'मॅरेथॉन' नावाची वर्गणी-मोहीम चालते, तेव्हा श्रोत्यांनी कबूल केलेल्या पैशावर वर्षाचा खर्च भागतो. आई गेली आणि लेकराने आपलं आपण घर थाटलं, तसं हे केंद्र. विद्यार्थी उरले नाहीत, पण विद्यार्थी-रेडिओचा स्वभाव टिकून राहिला. तो स्वभाव कोणता, हे मला पुढे महत्त्वाचं वाटणार आहे.

'द बेस्ट शो' या केंद्रावर ऑक्टोबर २००० मध्ये सुरू झाला. मंगळवारी रात्री, तीन तास, थेट. सुरुवातीला बरीच गाणी, मग गप्पा, मग फोन. शार्पलिंग स्वतः न्यू जर्सीचा. तरुणपणी त्याने संगीताचं एक हौशी नियतकालिक काढलं होतं. 'मंक' या गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेचा लेखक आणि पुढे निर्माता म्हणून त्याची पोटापाण्याची सोय होती. रेडिओचं काम तो फुकट करत असे, आणि असं त्याने १३ वर्षं केलं.

कार्यक्रमाचा गाभा म्हणजे वुर्स्टरचे फोन. तो दर वेळी वेगळा माणूस होऊन येई. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: हा फोन आला की निवेदक तसं जाहीर करत नसे. खरे श्रोते फोन करत, त्यांच्यातच हा मिसळलेला असे. नव्या श्रोत्याला कळायला मार्ग नसे की आत्ता बोलणारा गृहस्थ खरा आहे की बेतलेला. सरावलेला श्रोता पहिल्या 'हॅलो'लाच ओळखी आणि पुढे काय होणार या अपेक्षेने सावरून बसे.

या फोनांची घडण बहुधा ठरलेली असते. सुरुवात अतिशय साधी. माणूस स्थानिक नगरपरिषदेचा कुणी असतो, नाहीतर नवा बँड काढलेला, नाहीतर दुकानदार. तो नम्र असतो. आठ-दहा मिनिटं विशेष काही घडत नाही. मग बोलता बोलता एखादा तपशील निसटतो, जो त्या वाक्यात असायला नको होता. शार्पलिंग थांबतो: थांबा, काय म्हणालात? माणूस तो तपशील पुन्हा सांगतो, जणू त्यात काहीच वावगं नाही, आणि वर आणखी एक जोडतो. अर्ध्या तासात त्या नम्र माणसाचा पूर्ण इतिहास उलगडतो, आणि तो भयंकर असतो. शेवटाला तो बहुतेक वेळा निवेदकाला धमकी देतो.

तमाशातली बतावणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नातं चटकन कळेल. सोंगाड्या कितीही उड्या मारो, त्याच्यासमोरचा माणूस जर गंभीरपणे प्रश्न विचारत नसेल, तर उड्या वाया जातात. शार्पलिंग हा समोरचा माणूस आहे. त्याची एक सवय मला विशेष आवडते. समोरच्याच्या वाक्यातले शेवटचे दोन-तीन शब्द तो उचलतो आणि प्रश्नार्थक सुरात परत ठेवतो. पोवाड्यातला झीलकरी जसा शाहिराची ओळ उचलून धरतो, तशी ही झील. तिच्यामुळे ऐकणाऱ्याला तो शब्द दुसऱ्यांदा, नीट ऐकू येतो, आणि बोलणाऱ्याला पुढे जायला जागा मिळते. तीन तासांच्या कार्यक्रमात हे इतक्या वेळा होतं की आपण त्याची दखल घेणं सोडून देतो. पण ती झील काढून टाकली तर फोन कोसळतील.

अनुवादक म्हणून माझं कुतूहल इथेच अडकलं. विनोदाचं वाक्य भाषांतरित करणं अवघड असतं, हे सगळे म्हणतात. माझा अनुभव असा की त्या वाक्याच्या आधीची दहा मिनिटं त्याहून अवघड असतात. त्या दहा मिनिटांत अडखळणं असतं, नको इतका तपशील असतो, रस्त्यांची आणि दुकानांची नावं असतात, उगाच केलेली चौकशी असते. छापील पानावर संपादक पहिली कात्री तिथेच लावतो. इथे तर तीच जमीन आहे; तिच्यावर उभं राहूनच माणूस विश्वासार्ह होतो. विश्वास बसल्याशिवाय धक्का बसत नाही.

आता काही पात्रं. 'फिली बॉय रॉय' हा फिलाडेल्फियाचा अभिमानी. जगात जे जे उत्तम ते फिलाडेल्फियात: तिथले बँड, तिथले सँडविच, तिथला बेकरीचा माल. वुर्स्टर स्वतः त्याच शहराच्या आसपास वाढलेला, त्यामुळे रॉयचे उच्चार घरचेच आहेत. मराठी वाचकाला या रॉयची ओळख करून द्यायला फार शब्द लागत नाहीत. 'मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर' हा पु. लं.नी कायमचा करून ठेवलेला प्रश्न ज्याच्या कानात आहे, त्याला रॉय दोन मिनिटांत कळतो. फरक इतकाच की पु. लं.चा पुणेकर आपल्याला लेखकाच्या तोंडून भेटतो, आणि रॉय मंगळवारी रात्री स्वतः फोन करतो, वर्षानुवर्षं. त्याच्या घरातल्या भानगडी, त्याचे नोकरीधंदे, त्याचे रुसवे हे सगळं साचत जातं.

दुसरा 'द गोर्च'. त्याचा दावा असा की 'हॅपी डेज' या मालिकेतला फॉन्झी हा चामड्याचं जाकीट घातलेला हिरो आपल्यावरूनच उचलला आहे. वय झालं तरी जाकीट उतरलेलं नाही, आणि आवाजात गुरगुर आहे. लोकप्रिय संस्कृती आपल्याकडून काहीतरी चोरून नेते, या भावनेचं हे व्यंगचित्र. तिसरा 'टिमी व्हॉन ट्रिंबल', उंची फक्त दोन इंच. आवाज गोड, बोलणं लाघवी. ऐकणाऱ्याला त्याची दया येते, आणि मग कळतं की हा दोन इंची प्राणी कट्टर वंशद्वेष्टा आहे. मला हे पात्र या सगळ्यांत धारदार वाटतं. गोंडसपणापुढे आपण आपली विवेकबुद्धी किती लवकर गहाण टाकतो, हे ते शिकवणी न देता दाखवतं.

यातले पुष्कळ जण 'न्यूब्रिज' नावाच्या गावाशी जोडलेले आहेत. न्यू जर्सीच्या नकाशावर हे गाव नाही. आर. के. नारायण यांचं मालगुडी जसं कथेमागून कथेत घर-घर उभं राहिलं, तसं न्यूब्रिज फोनमागून फोनमध्ये बांधलं गेलं. मालगुडीत नदी आणि रेल्वे स्टेशन. न्यूब्रिजमध्ये दुकानं, महापौर, तालमीच्या खोल्या आणि एकमेकांवर खार खाऊन असलेले बँड. मालगुडी वाचताना मागची पानं चाळता येतात. न्यूब्रिज मात्र ज्याने ऐकलं त्याच्याच डोक्यात. मागच्या हिवाळ्यातल्या फोनचा संदर्भ लागला तर हसू येतं, नाही लागला तर माणूस बाहेर राहतो. आतल्या लोकांचा विनोद आणि बाहेरच्यांना बंद दार, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आपल्याकडच्या खाजगी एफएमवर फोनवरचा विनोद म्हटलं की 'मुर्गा' आठवतो. निवेदक खोटं नाव सांगून एखाद्या सामान्य माणसाला फोन लावतो, त्याला भंडावून सोडतो, तो पुरेसा तापला की खरं सांगतो. दोन-तीन मिनिटांचा मामला. 'द बेस्ट शो'मध्ये ही दिशाच उलटी आहे. केंद्र कुणाला फोन करत नाही. केंद्राला फोन येतो. फसवणारा बाहेर आहे आणि कोंडीत सापडलेला माणूस माइकसमोर. 'मुर्ग्या'त माइकवाला सर्वज्ञ असतो. इथे तोच सगळ्यांत हतबल, कारण फोन आपटून ठेवण्यापलीकडे त्याच्या हातात काही नाही. सत्ता कुणाकडे आहे यावर विनोदाची नैतिकता ठरते, असं मी मानते. म्हणून हा फरक मला केवळ तंत्राचा वाटत नाही.

अर्थात हा हिशेब इतका स्वच्छ राहत नाही. शार्पलिंग खऱ्या श्रोत्यांचेही फोन आपटतो. लांबण लावणारा, तयारी न करता आलेला, स्वतःला विनोदी समजणारा, असा कुणीही तडकाफडकी बाहेर जातो, आणि हे बाहेर काढणंही कार्यक्रमाचा एक खेळ होऊन बसलं. नेहमीच्या श्रोत्यांना त्याची मजा वाटे. ज्याचा फोन आपटला त्याला काय वाटलं असेल? बनावट पात्राला चाळीस मिनिटं आणि खऱ्या अडखळणाऱ्याला चाळीस सेकंद, हा न्याय मला आजही टोचतो. तीन रकान्यांची थट्टा करणाऱ्या कार्यक्रमाने आपल्या श्रोत्यांसाठी दोन रकाने केलेच: लाइनवर राहणारे आणि आपटले जाणारे. शिवाय हे जग बहुतांशी पुरुषांचं. वुर्स्टरची पात्रं जवळजवळ सगळी पुरुष. रेकॉर्ड गोळा करणाऱ्या, बँड काढणाऱ्या, जुने हिशेब न विसरणाऱ्या पुरुषांची. त्यांच्या बढाया हाच विषय आहे, हे समर्थन अर्धं पटतं. उरलेलं अर्धं असं की ज्या वर्तुळावर आपण हसतो त्याच वर्तुळात आपण बसलेले असतो.

तरीही कार्यक्रमाने लोकांना जे दिलं ते फक्त हसू नव्हतं. २०२१ साली आलेल्या आत्मकथनात शार्पलिंगने आपल्या किशोरवयातल्या मानसिक आजाराविषयी आणि विजेच्या झटक्यांच्या उपचारांविषयी लिहिलं आहे. लेखकाचं आयुष्य त्याच्या कृतीवर चिकटवायची मला हौस नाही. एवढंच म्हणते, की रात्री एकटं बसून रेडिओ ऐकणारा माणूस कोण असतो, हे या निवेदकाला ऐकीव माहितीवरून ठाऊक नव्हतं. कार्यक्रमाच्या तक्रारखोर, चिडक्या सुराखाली श्रोत्याची जी सोबत आहे, ती तिथून येते असं मला वाटतं. मॅरेथॉनच्या दिवसांत हे श्रोते खिशातून पैसे काढत, ते एका गाण्यासाठी किंवा एका विनोदासाठी नसावेत. मंगळवार शाबूत राहावा म्हणून ते असत.

डब्ल्यूएफएमयूवरचा शेवटचा कार्यक्रम १७ डिसेंबर २०१३ रोजी झाला. वर्षभराने तो इंटरनेटवर परत आला. २०१५ मध्ये शिकागोच्या 'न्यूमेरो ग्रुप'ने निवडक फोनांचा १६ सीडींचा संच काढला. ही कंपनी विस्मृतीत गेलेलं जुनं संगीत धुंडाळून नव्याने काढण्यासाठी ओळखली जाते. फोनवरच्या गप्पांना तिने तोच मान दिला, हे मला योग्य वाटलं. पण संचात फोन आहेत, फोनांच्या मधला वेळ नाही. निवडलेलं ऐकताना प्रत्येक फोन बनावट आहे हे आधीच माहीत असतं. कोण खरा नि कोण खोटा या शंकेत घालवलेला वेळ सीडीवर येत नाही. पात्रं टिकली, नेमकी ती शंका मागे राहिली. ग्रंथालयात तमाशाची संहिता वाचताना जे हाती लागत नाही, तेच हे.

आता मी मघाशी सोडलेल्या प्रश्नाकडे येते: विद्यार्थी-रेडिओचा स्वभाव कोणता? माझं उत्तर असं, की कुणी न मोजलेला वेळ. व्यापारी केंद्रावर कुठल्याही निर्मात्याने क्लॉन्टलची मुलाखत पाचव्या मिनिटाला गुंडाळली असती. 'पुढे काय' या प्रश्नाचं उत्तर तोवर मिळालेलं नसतं. ज्या केंद्रात कुणाला पगार नाही, कुणाला जाहिरातदाराला तोंड द्यायचं नाही, तिथेच एक माणूस दुसऱ्याचं बरळणं पाऊण तास ऐकून घेऊ शकतो. या विनोदाचं रूप त्या मोकळ्या वेळाने घडवलं आहे.

भारतात विद्यापीठांना आणि शिक्षणसंस्थांना रेडिओ चालवायची परवानगी २००२ च्या अखेरीस मिळाली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं 'अण्णा एफएम' फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झालं. पुणे विद्यापीठाचं 'विद्यावाणी' हे आपल्या ओळखीचं उदाहरण. २००६ मध्ये धोरण स्वयंसेवी संस्थांसाठीही खुलं झालं. या केंद्रांच्या ताकदीवर मर्यादा आहे, स्वतःच्या बातम्या देण्याला मनाई आहे, आणि कार्यक्रमांचा भर कशावर असावा याची धोरणात यादी आहे: विकास, शेती, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, समाजकल्याण, संस्कृती. या केंद्रांनी केलेलं काम मी कमी लेखत नाही. ज्या गावात दुसरं कुणी त्या बोलीत बोलत नाही, तिथे बालसंगोपनाविषयीचं वीस मिनिटांचं बोलणं हे कुठल्याही विनोदापेक्षा मोलाचं आहे.

पण विद्यापीठाच्या आवारातल्या केंद्राचा मला वेगळा विचार करावासा वाटतो. अप्साला कॉलेजचा परवानाही 'शैक्षणिक'च होता. तिथल्या मुलांनी त्या शब्दाचा अर्थ आपल्यापुरता ताणून घेतला, आणि त्यांना कुणी फारसं अडवलं नाही. आपल्याकडे उपयुक्ततेचं ओझं मुलं आधीच पाठीवर घेऊन येतात: करिअर मार्गदर्शन, परीक्षेची तयारी, थोरांच्या जयंत्या. संगीताचा कार्यक्रमही माहितीपर होतो. कलाकार कधी जन्मला, किती पुरस्कार मिळाले. कुणी चुकीचं बोलावं, कुणी चिडून फोन करावा, दोघांनी तासभर भांडावं आणि शेवटी काहीच सिद्ध होऊ नये, याला वेळापत्रकात जागा नसते. आवड कशी घडते, कशी मिरवली जाते आणि तिच्यामागे किती भीती लपलेली असते, हे विशीतल्या मुलांइतकं नाजूकपणे कुणालाच जाणवत नसतं. त्यावर हसण्याची जागाही त्यांनाच हवी.

धोरणातल्या त्या यादीच्या शेवटी 'संस्कृती' हा शब्द आहे. एखाद्या विद्यापीठाच्या केंद्राने त्या शब्दाच्या आधारे आठवड्याला एक रात्र दोन मुलांच्या हवाली करावी. संहिता मागू नये, निष्पत्तीचा अहवाल मागू नये. फोनची एक लाइन द्यावी. त्यातल्या एकाने नागपूरहून बोलणारा, रॉक संगीत सावनेरला जन्मलं असं ठासून सांगणारा समीक्षक व्हावं, आणि दुसऱ्याने त्याला अगदी गंभीरपणे विचारावं: सावनेरला?